पट्टीसकट वजन

नंबर नसलेली वस्तू आमच्या घरमालकांना वस्तूच वाटायची नाही. भोपाळला इंद्रपुरीत त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात काकूंनी पुरणपोळ्यांसाठी माझा पोळपाट मागून नेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला तो काठावर 'भाडे-३' असं ठोकून. लाकडात, खोल, एका रेषेत. मी साताऱ्याची, तोंडाची फटकळ. तशीच पोळपाट घेऊन खाली गेले आणि म्हटलं, "काका, हे काय आहे?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पोळपाट डोळ्यांच्या पातळीला धरला, आकड्यावरून अंगठा फिरवला आणि काळजीने विचारलं, "का, वाकडं आलंय का कुठे?"

भाडे-१ म्हणजे आमचं दार आणि भाडे-२ म्हणजे गच्चीवरची टाकी, हे मला नंतर कळलं.

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची रीत आहेच. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुणाच्या आईच्या स्मरणार्थ, सगळं ताटाच्या काठावर वाचता येतं. काकांना तो नुसता हळवेपणा वाटायचा. "एक नाव दहा जणांचं असतं," ते म्हणायचे. "नंबर एकाचाच." म्हणून काकूंच्या माहेरून नागपूरहून आलेल्या घागरीवर त्यांच्या मामांच्या नावाखाली 'स्व-९' होतं. स्व म्हणजे स्वयंपाकघर. देवघरातल्या घंटेवर 'दे-२' होतं. दे-१ कोण, हे विचारायची माझी छाती झाली नाही. काकू एकदा मेथी निवडताना म्हणाल्या, "माझं नशीब जी, लग्न झालं तेव्हा यांच्याकडे पंचांचा सेट नव्हता. नाहीतर मी पण सुटले नसते."

पंच म्हणजे पोलादाचे बोटभर तुकडे, टोकाला एकेक आकडा किंवा अक्षर कोरलेलं. वस्तूवर उभा धरायचा आणि हातोडीचा एकच ठोका द्यायचा. दुसरा ठोका दिला तर आकडा दुहेरी उमटतो, आणि दुहेरी उमटलेला आकडा म्हणजे माणसाची लाज, असं काकांचं मत होतं. इंग्रजी सेट निवृत्तीच्या वेळी कारखान्यातल्या दोस्तांनी दिलेला. देवनागरी अक्षरं त्यांनी खास करवून घेतली होती.

इंद्रपुरीला लागूनच तो अवजड यंत्रांचा कारखाना आहे. तिथे काकांची सगळी नोकरी तपासनीस म्हणून गेली. दुसऱ्यांनी ओतलेलं, कातलेलं, जोडलेलं लोखंड यांच्यासमोर यायचं, हे ते मापायचे आणि एकच शब्द बोलायचे. पास किंवा नापास. पास असेल तर नंबर ठोकायचा, नापास असेल तर लाल रंगाची फुली. निवृत्त झाल्यावर ही सवय चप्पल काढल्यासारखी कारखान्याच्या फाटकाशी थोडीच राहणार? चहा पास, आमटी नापास. माझ्या नवऱ्याने गाडी लावली की ते गॅलरीतून बघायचे आणि नापास म्हणून आत जायचे. मागच्या बाल्कनीत एक लाल डबा होता. नापास झालेल्या वस्तू त्यात पडायच्या आणि एकदा पडलेली वस्तू परत बाहेर काढायची नाही, असा दंडक होता. काकूंचं चांगलं चाललेलं गजराचं घड्याळ त्यात गेलं, कारण ते थोडं पुढे जायचं. तेव्हापासून काकू वेळ मला विचारायच्या.

एका दुपारी लाईट गेली होती म्हणून आम्ही तिघं जिन्यात वाऱ्याला बसलो होतो. काका एकदम म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या कामावर ठोके मारले. स्वतः साधा नट बनवला नाही. वर गेल्यावर विचारलं काय केलंस, तर काय सांगू? तपासलं?" काकू म्हणाल्या, "तिथेही तपासायलाच लागाल." काका हसले नाहीत. मला तेव्हा पहिल्यांदा त्या माणसाची माया वाटली. त्याच आठवड्यात त्यांनी ड्रोन बनवायला घेतला.

ड्रोनच का, तर आजवर सगळं टनात झालं, आता ग्रॅमात करून बघायचं म्हणाले. आणि जे करायचं ते क्रेनशिवाय जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. मागच्या बाल्कनीत दिवसभर कानशीचा आवाज यायचा. फायबरच्या पट्ट्या घासून सांगाडा केला, मोटारी मागवल्या, तारांना डाग स्वतः दिला. सांगाड्याचे कितीतरी हात त्यांनी स्वतःच नापास करून लाल डब्यात टाकले. तयार झाल्यावर काकूंच्या पाट्याला सुतळीने बांधून मोटारी फिरवून पाहिल्या. पंखे गरगरले, हॉलमधले सगळे वर्तमानपत्राचे कागद उडाले, पाटा मात्र हलला नाही. घर म्हणजे आकाश नव्हे, त्यामुळे ही चाचणी सरकारच्या ड्रोन-नियमात बसते, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. ड्रोनला नाव नव्हतं. नंबर होता, उ-१. उ म्हणजे उडणारं.

पण तो लगेच उडाला मात्र नाही. का, ते सांगते.

माझा नवरा मंडीदीपच्या कारखान्यात होता. त्या रस्त्यावर वस्ती संपल्यावर एक मोकळं रान आहे, तिथे दर रविवारी सकाळी ड्रोनवाली हौशी मंडळी जमायची. आमच्याकडे गाडी होती म्हणून काका-काकूंना आम्ही घेऊन जायचो. त्या रानात आकाशापेक्षा नियमावरच जास्त वेळ जायचा. त्यांच्या सांगण्यानुसार अडीचशे ग्रॅमच्या आत असेल तर ते खेळणं, खुशाल उडवा. त्याच्या वर गेलं की सरकारी पोर्टलवर नोंदणी, नंबर, सगळं आलं.

तिथे एक तरुण दातांचा डॉक्टर होता. त्याचा छंद ड्रोन उडवणं नव्हता, ड्रोन हलका करणं हा होता. दर रविवारी तो दात कोरायच्या हत्याराने ड्रोनचं काहीतरी खरवडून काढायचा आणि छोट्या काट्यावर वजन करून दाखवायचा. एक निवृत्त बँकवाले होते. त्यांचं म्हणणं, "ज़मीन पे तो ले ही रिये थे, अब हवा पे भी टैक्स लगाएँगे." आणि एक होता लग्नांचं शूटिंग करणारा, त्याला सगळे शादीवाला म्हणायचे. त्याचा ड्रोन चांगला परातीएवढा. नोंदणीचं काय, असं विचारलं की तो शांतपणे सांगायचा, "नंबर लिया तो नंबर से पकड़े जाओगे. बिना नंबर वाले को कौन पकड़ेगा?" हे मीही ऐकून घ्यायचे, आणि मी तर सरकारी कचेरीत कामाला.

काका उ-१ घेऊन पहिल्यांदा त्या रानात गेले तेव्हा डॉक्टरने हौसेने तो काट्यावर ठेवला. दोनशे एक्केचाळीस. "अंकल, मुबारक हो. खिलौना है. उड़ाओ." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू पदर सावरून वर बघायला लागल्या. काका म्हणाले, "रुको, अभी नंबर लगना बाकी है."

त्यांनी खिशातून पितळेची एक पट्टी काढली. बोटाएवढी, घासून लख्ख केलेली, त्यावर उ-१ ठोकलेलं. चार स्क्रूंनी ती ड्रोनच्या पोटाला बसवली, हाताने ओढून पाहिली आणि ड्रोन परत काट्यावर ठेवला. दोनशे अठ्ठावन्न.

डॉक्टरने वाकून आकडा परत वाचला. मग डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाला, "अंकल, पट्टी निकाल दो ना."

"पट्टी निकाली तो ये क्या है?"

"ड्रोन है."

"कौन सा?"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाला, बरं, पेनने लिहा नंबर. काका म्हणाले, पेनने लिहिलेला पुसतो, आणि जो पुसतो तो नंबर नव्हे. कागदाचं लेबल चिकटवा, तर ते निघतं. मग बाकीचा ड्रोन खरवडून हलका करा, असं डॉक्टर हत्यार काढूनच म्हणाला. काकांनी उ-१ दोन्ही हातांनी छातीशी धरला. पास झालेल्या वस्तूवर कानस चालवायची नाही, हाही एक दंडक होता.

म्हणजे बघा, नोंदणीची गरज नसलेला ड्रोन या माणसाने नंबर लावून नोंदणीच्या पात्रतेला आणला, आणि आता सरकारचा नंबर येईपर्यंत तो उडवायचा नाही असं स्वतःच ठरवलं. त्या दिवशी डॉक्टर म्हणाला ते मला अजून आठवतं. "अंकल, आप तो सरकार से भी ज़्यादा सरकारी हो." काकांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

पोर्टलचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी टी. टी. नगरच्या कचेरीत, अर्जांवर 'त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा' असं लिहिणं हे माझं रोजचं खाणं. आता मी काउंटरच्या पलीकडे बसले होते आणि देवाने माझ्यावर चांगलाच सूड उगवला होता. पोर्टलवर निर्मात्याचं नाव यादीतून निवडायचं होतं. यादीत जगातल्या कंपन्या होत्या, काका नव्हते. 'इतर' निवडलं. मग कारखान्याचा पत्ता विचारला. काका म्हणाले, लिहा, मागची बाल्कनी. खोटं लिहायचं नाही.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. निर्मात्याचं सही-शिक्क्याचं पत्र जोडा. काकांनी निर्माता म्हणून स्वतःलाच पत्र लिहिलं, की सदर वस्तू मी बनवली असून ती सुस्थितीत आहे. मग चष्मा बदलून तपासनीस म्हणून ते वाचायला घेतलं आणि नापास केलं. 'सुस्थितीत' हा शब्द मोघम आहे म्हणे, मापं कुठे आहेत? दुसऱ्या पत्रात मापं लिहिली. ते नापास झालं, कारण निर्मात्याची सही चौकटीला लागत होती. मी म्हटलं, "काका, लिहिणारे तुम्ही, वाचणारे तुम्ही. जरा समजून घ्या की एकमेकांना." ते म्हणाले, "ओळखीत काम ढिलं होतं." शेवटी एक पत्र पास झालं आणि मी ते पोर्टलवर चढवलं.

सही चौकटीला का लागत होती, ते मला तेव्हा कळलं नाही. काकूंना कळलं होतं.

काकांना बशीतून चहा प्यायची सवय. त्या दिवसांत खालून बशीचा किणकिणाट वर ऐकू यायला लागला. मला वाटलं, बशी टवकली असेल. एकदा काकू जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "कंपवात आहे म्हणून राहिले दवाखान्यातले डॉक्टर. गोळ्या दिल्या, पण हळूहळू वाढणारच. अंगठे आहेत तोवर आहेत जी. मग ते रिमोटचं काही धरता यायचं नाही." मग माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "तुमचं ते पोर्टल काऊन जल्दी करून नाही राहिलं? यांनी जन्मात एकच वस्तू बनवली. ती उडताना पाहू तर दे म्हणा." पोर्टल माझं नव्हतं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काटा, यादी, पत्र यांची इतके दिवस मजा वाटत होती. त्या दिवसापासून रोज सकाळी कचेरीत गेल्यावर आधी मी पोर्टल उघडायला लागले. 'अर्ज प्रक्रियेत आहे.' रोज तेच.

वाट बघताना स्वस्थ बसतील तर ते काका कसले? एक दिवस ते चौकीवर जाऊन आले. नोंदणी होईपर्यंत निदान पोलिसांना माहिती असावी म्हणून. काकूंनी मला सोबतीला पाठवलं होतं, त्यामुळे हा संवाद मी माझ्या कानांनी ऐकलेला आहे. काका हवालदाराला म्हणाले, "ड्रोन के बारे में लिखवाना है."

"चोरी हो गया?"

"नहीं. है."

"किसी के ऊपर गिर गया?"

"नहीं. उड़ा ही नहीं."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "तो दादा, लिखें क्या?"

"यही, कि है."

हवालदार भला माणूस होता. त्याने आम्हाला चहा पाजला, काकांचं नाव आणि पत्ता लिहून घेतला आणि पुढे लिहिलं, ड्रोन है. काका इतके समाधानाने घरी आले की काकूंनी शिरा केला.

मग व्हायचं तेच झालं. हिवाळ्यात एका बड्या घरच्या लग्नात आकाशातून एक ड्रोन आला आणि थेट पनीरच्या कढईत पडला. कुणाला लागलं नाही, पण वराकडच्या मोठ्या माणसाच्या जोधपुरी कोटावर रस्सा उडाला. शादीवाला आपला परातीएवढा ड्रोन कढईतच सोडून पसार झाला होता. आता या भागात ड्रोन कुणाकुणाकडे आहेत, याचा शोध सुरू झाला. नाव एकच सापडलं. सगळ्या इलाख्यात ड्रोन बाळगणारा म्हणून स्वतःहून नाव लिहून आलेला एकमेव इसम म्हणजे आमचे काका.

दोन पोलीस आणि त्यांचे साहेब घरी आले. उ-१ कपाटावर धुळीपासून वाचवायला प्लॅस्टिकची पिशवी घालून ठेवलेला होता. कढईतला ड्रोन कढईतच असताना हा कसा असेल, हे मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "मैडम, जाँच तो पूरी करनी पड़ती है." मग काकांकडे वळून, "इसे उड़ा के दिखाओ."

"नहीं उड़ा सकते. नंबर नहीं आया."

"अरे, पुलिस बोल रही है उड़ाओ."

"पुलिस के बोलने से नंबर नहीं आता."

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. असा गुन्हेगार त्यांनी पाहिला नव्हता. शेवटी वैतागून त्यांनी विचारलं, "दादा, सच बताओ, ये उड़ता भी है कि नहीं?"

काका पिशवीवरची धूळ पुसायला लागले. खरं तर त्यांना माहीत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं सगळं चाचणी घेऊन पास करणाऱ्या माणसाने आपली एकुलती एक वस्तू न उडवताच पास केली होती. पोलीस गेल्यावर ते बराच वेळ पिशवीतल्या उ-१ कडे बघत बसले होते. काकूंनी आणलेली बशी त्यांनी घेतली नाही, पेल्यात द्या म्हणाले. पेला दोन हातांनी धरता येतो.

पुढच्या रविवारी शादीवाला नवाकोरा ड्रोन घेऊन रानात हजर. काकांच्या पाया पडला आणि म्हणाला, "अंकल, आपका नाम लिखा था, हम बच गए." वर त्याने आपलं जुनं तत्त्वज्ञान पुन्हा एकदा ऐकवलं. मी त्याला चार शब्द सुनावले. काका मात्र म्हणाले, "बोलू द्या. हलका आहे तो. नंबर नाही ना."

नंबर शेवटी आला. एका शनिवारी सकाळी काका बनियनवरच वर आले आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. मोबाईल इतका हलत होता की मला तो हातात घेऊन वाचावा लागला. इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक आगगाडी, आणि खाली लिहिलेलं, की हा क्रमांक ड्रोनवर ठळक दिसेल असा लावावा. मी त्यांना पेढा दिला. त्यांनी तो अर्धाच खाल्ला, घाई होती.

मागच्या बाल्कनीत त्यांनी पाट मांडला, नव्या पितळी पट्ट्या काढल्या, इंग्रजी पंच ओळीने लावले. काकू आणि मी दारात उभ्या राहिलो. पहिलं अक्षर त्यांनी धरलं. पंच थरथरत होता. त्यांनी श्वास रोखला आणि ठोका दिला. अक्षर तिरकं बसलं. दुसरं धरलं, ते पहिल्याच्या अंगावर गेलं. त्यांनी पट्टी डोळ्यांच्या पातळीला धरून पाहिली, आणि मी कितीदा तरी ऐकलेल्या त्या कोरड्या आवाजात म्हणाले, "नापास." पट्टी लाल डब्यात पडली. दुसरी घेतली. नापास. तिसरीला काकू म्हणाल्या, "मी धरू का हात?" तर म्हणाले, "मग ते तुमचं काम होईल." तिसरीही डब्यात गेली. एक पट्टी उरली तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि पंच एकेक करून डबीत भरायला लागले. ते भरतानाही खळखळत होते. मला रडू आवरेना, मी आत निघून गेले.

काकूंनी नाही हार मानली. संध्याकाळी मला घेऊन त्या टी. टी. नगरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात गेल्या. तिथे मशीनने ताट-वाट्यांवर नावं घालणारा एक माणूस बसायचा. काकूंनी शेवटची पट्टी आणि कागदावरचा नंबर त्याच्यासमोर ठेवला आणि बजावलं, भैया, एकही अक्षर इकडचं तिकडे नको. त्याने सुरेख काढला हो नंबर. एका रेषेत, सारख्या अंतरावर. आम्ही दोघी खूश होऊन बघत होतो, तोवर त्याचा हात थांबलाच नाही. खाली एक वेलबुट्टी आली आणि वेलबुट्टीखाली 'सप्रेम भेंट'.

काकू म्हणाल्या, "भैया, ये क्या किया?"

त्याने जीभ चावली. "माताजी, हाथ को आदत है. इसके बिना अधूरा लगता है."

घरी आल्यावर काकांनी पट्टी दिव्याखाली धरली. नंबर वाचला, एकेक अक्षर मोबाईलशी ताडून पाहिलं. मग खालची ओळ वाचली. "कुणी कुणाला दिली ही भेट?" त्यांनी विचारलं. "सरकारने मला, की मी सरकारला?" आणि ते हसायला लागले. इतके हसले की खोकला आला. त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. हसणं संपल्यावर म्हणाले, "नापास." पण ती पट्टी त्यांनी लाल डब्यात टाकली नाही, माझ्या हातात ठेवली. ती आज माझ्या किल्ल्यांना आहे, लोक विचारतात कुठली गाडी म्हणून.

मग काकू उठल्या. कपाटावरून उ-१ काढला, पिशवी काढली, तो उलटा करून मांडीवर घेतला आणि स्क्रू-ड्रायव्हरने पोटाची जुनी पट्टी सोडवायला लागल्या. काका "अहो, अहो" करत राहिले. चार स्क्रू काकूंनी वाटीत ठेवले, स्व-काहीतरी वाटी, आणि ड्रोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला.

"आता काय आहे हे?" त्यांनी मला विचारलं.

"खेळणं," मी म्हटलं. "अडीचशेच्या आत."

"मग उद्या खेळा," त्या काकांना म्हणाल्या.

"बिननंबराचं?" काकांनी विचारलं. "माझ्या हातून आजवर बिननंबराची वस्तू बाहेर गेली नाही."

काकू काट्याजवळ कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "या घरात मी बिननंबराचीच आहे इतकी वर्षं," त्या म्हणाल्या. "पडले का कुठे?"

काकांनी काकूंकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. काकूंनी वाटीतले स्क्रू डबीत टाकले आणि कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी रानात गेलो. डॉक्टरने लांबूनच विचारलं, "अंकल, नंबर आया?" काका म्हणाले, आया. "तो लगाया क्यों नहीं?" काकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "खिलौना है." डॉक्टरने आपलं दात कोरायचं हत्यार खिशात घातलं. शादीवाल्यानेसुद्धा आपला ड्रोन खाली उतरवला. उ-१ गवतावर ठेवला होता, पोटाला चार रिकामी भोकं. काकांनी रिमोट धरला आणि रिमोट हातात डुगडुगायला लागला. काकू पुढे झाल्या आणि त्यांनी चहाचा ट्रे धरावा तसा तो खालून दोन्ही हातांनी धरला. अंगठे मात्र काकांचेच.

पंखे फिरले. उ-१ गवतातून कसाबसा सुटला, एकदा टेकला, परत उठला आणि माणसाच्या उंचीच्या वर गेला. मग झाडाच्या वर. बाजारातला ड्रोन हवेत खिळा ठोकल्यासारखा उभा राहतो, हा तसा राहीना. अंगठा थरथरला की वर तो थरथरायचा. काकांच्या हातात जे चाललं होतं तेच वर चाललं होतं, फक्त सगळ्यांना दिसेल असं. कुणी हसलं नाही. बँकवाल्यांनी टोपी काढली होती, ती हातातच राहिली.

मी काकांच्या कानाशी जाऊन हळूच विचारलं, "काय काका, पास ना?"

त्यांनी मान वरच ठेवली होती. डोळे बारीक केले. "डावीकडे कलतंय," ते म्हणाले. "एका जागी ठरत नाही. नापास."

"मग उतरवायचं का जी खाली?" काकूंनी विचारलं. त्यांचेही हात आता भरून आले असणार.

"नको," काका म्हणाले. "राहू दे वर जरा."